तबकडीच्या पुढचं भजन

भजन मधूनच सुरू करणारा गवई अख्ख्या मध्यप्रांतात एकच होता, आणि तो महाल वस्तीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहत असे. सारी गल्ली त्यांना बुवा म्हणे. स्वतः रचलेलं नावाड्याचं भजन ते असं गात, की भांडायला उठलेली माणसंही खाली बसत. एकदा मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. त्याने बुवांच्या हातावर थोडे रुपये ठेवले, इंग्रजी कागदावर सही घेतली आणि चार कडव्यांतली दोन तबकडीत भरून नेली; तीत तेवढीच मावत होती. तबकडी इतकी खपली, की इतवारी बाजारातल्या हाटेलाहाटेलांत बुवा वाजू लागले. बुवांनी वाटा मागितला, तेव्हा त्या माणसाने कागद पुढे केला. तबकडीतलं भजन आता कंपनीचं, तुमचा त्यावर हक्क नाही.

दुसरा कोणी कोर्टात गेला असता. बुवांनी मात्र कंपनीचा शब्द वेदवाक्य मानला आणि विकलेली कडवी तोंडातून काढणंच सोडलं. फर्माईश झाली की थेट तिसऱ्यापासून सुरुवात. ऐकणाऱ्याची नाव किनारा न सोडताच मधल्या धारेत. "काहून गा बुवा, पहिलेपासून म्हणा ना," कोणी म्हटलं, की उत्तर ठरलेलं, "इकलेल्या गाईचं दूध काढत नसतात गा." हाटेलात त्यांचीच तबकडी लागली, तर भिंतीकडे तोंड करून बसत आणि सुई उचलली की चहा खाली ठेवून पुढचं गात. आम्हांला हसू यायचं, पण त्या आवाजातला घाव काही लपत नसे.

मग बुवांची बायको, आमच्या काकू, अंथरुणाला खिळल्या. त्यांना ते भजन एकदा सबंध ऐकायचं होतं. बुवांनी हाटेलवाल्याचा ग्रामोफोन उचलून आणला, तबकडी लावली, आणि ती थांबताच पुढचं गायला घसा साफ केला. काकूंनी हातानेच थांबवलं.

"मले पेटीतलं नाही पायजे. तुमच्या तोंडचं पायजे."

"अवं, ते कंपनीचं झालं."

"कंपनीच्या आंदी चुलीपाशी मलेच म्हणून दाखवलं होतं ना? इकतांनी मले इचारलं होतं काय?"

बुवांनी ग्रामोफोनचं झाकण लावलं. मग डोळे मिटून त्यांनी पहिल्या कडव्यापासून नाव पाण्यात सोडली आणि पैलतीराला लावली. दारात उभ्या असलेल्या आम्हां कोणालाच रडू आवरलं नाही.

काकू गेल्या. पुढे कोणी कितीही आग्रह केला, तरी बुवा उरलेली कडवीही म्हणत नसत. "ते बी आता माझं नाही गा," एवढंच म्हणत.

आता बुवाही नाहीत. तबकडी मात्र अजून कुठेकुठे लागते, नाव मधल्या धारेत येते आणि सुई उचलली जाते. पुढची कडवी मला पाठ आहेत. मी ती मनातल्या मनात म्हणतो.