चालू

हैदराबादेत अंबरपेठच्या एका जिममध्ये बॉक्सिंग शिकवणाऱ्या मास्टरांचं नाव मी कधी विचारलंच नाही. पन्नाशी उलटलेले, घरचे तेलुगू, माझ्याशी दखनीत बोलणारे. गळ्यात शिट्टी असते, पण ती वाजवत नाहीत. तीस सेकंद जीव तोडून बॅगवर ठोसे, तीस सेकंद विश्रांती, असं ते दहा वेळा करून घेतात. "सांस नई रहे तो हाथ क्या करते?" हे त्यांचं नेहमीचं.

पहिल्याच दिवशी तीस सेकंद झाले आणि ते ओरडले, "चालू!" मी पुण्याचा. मला वाटलं, अजून मारायचंय. ते "चालू, चालू!" करत राहिले, मी मारत राहिलो आणि शेवटी खाली बसलो. तेलुगूत चालू म्हणजे पुरे, हे मला नंतर कळलं. मराठीत चालू म्हणजे सुरू, हे मीही त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. "अच्छा?" एवढंच म्हणाले.

परवा त्यांनी स्वतः ग्लोव्हज चढवले आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. तीस सेकंद होताच मी ऐटीत ओरडलो, "चालू!" ते थांबेचनात. मिनिट झालं, चेहरा काळानिळा पडला. मी घाबरून "मास्टर, चालू, चालू!" करतोय आणि त्यांचे ठोसे वाढतायत. शेवटी मी बॅगेलाच मिठी मारली.

धापा टाकत त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "तुम मराठी में बोले ना?"