सोपानच्या दहाव्याला चौथी टोपी

माझ्या भावाचं लग्न झालं नव्हतं, पण संसार झाला होता. बबनबरोबर.

हे वाचून ज्याला ठसका लागेल त्यानं पाणी प्यावं. पोस्ट मी काढणार नाही.

आता आधी चौकशी.

सुनंदा, गुडघा काय म्हणतोय?

पिंपळीच्या वहिनी, बीपीची गोळी वेळेवर घेताय ना?

तात्या, तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय. नातवाकडून वाचून घ्या. मोठ्यानं वाचायला लावा, शेजारीही ऐकतील.

आज माझ्या धाकट्या भावाचा, सोपानचा स्मृतिदिन.

नव्वद सालानंतरची गोष्ट. भिगवणला स्टेशनजवळ तो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. बबन मासळी विकायचा. दोघांची खोली एक, स्टो मात्र दोन. कारण सोपान माळकरी!

"अक्का, ह्यो माझ्या मासळीला नाक मुरडतो, पर भाकरी माझ्याच हातची लागती ह्येला."

"मग काय करू? तुझी फुगती, माझी रुसती."

मी स्थळं आणायचे. सोपाननं एकदाच सांगितलं, "अक्का, पोरगी बघू नगंस. माझं घर भरलंय."

पुन्हा मी स्थळ नेलं नाही.

काविळीनं गेला. बारामतीच्या दवाखान्यात उशाशी बबनच होता. चमच्यानं पाणी पाजायला, अंग पुसायला, सगळ्याला तोच.

दहावा पिंपळीला, आमच्या थोरल्या दादाच्या दारात. आमच्याकडं सोयरे दुखवटा आणतात. ज्याचं माणूस गेलं त्याच्या डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. मी दिल्या घरची, म्हणजे सोयऱ्यातली. इंदापूरहून निघताना टोप्या मीच घेतल्या. दादाची एक, दोन पुतण्यांच्या दोन.

आणि चौथी.

बबन मांडवाबाहेर बसला होता. चपलांजवळ.

आमच्या मालकांनी तिघांना टोप्या घातल्या. मी म्हणलं, "अजून एक हाय पिशवीत."

"अगं, चार माणसं बघत्यात."

"बघू द्या की. त्येच्यासाठीच आणलीय."

दादा उसळला. "त्यो कोण लागतो गं आपला?"

"दादा, तुझा भाऊ गेला, पर तुझी चूल पेटती हाय. ह्येचं घरच गेलंय."

"बाईमाणसानं टोपी घालायची रीत न्हाय."

"मग तू घाल."

दादानं तोंड फिरवलं.

मग मीच उठले. चपलांपर्यंत गेले. बबनला टोपी घातली, टॉवेल टाकला, हाताला धरून आत आणला आणि दादाच्या शेजारी बसवला.

दहा दिवस कोरडा राहिलेला माणूस तिथं ढसाढसा रडला. रडायला जागा लागते हो माणसाला.

माझं माहेर त्या दिवशी बंद झालं. साडी नाही, बोलावणं नाही. भाऊबीजेला ताट तयार करून मी उगीच बसले होते. दारात बबन! हातात पेढ्याचा पुडा. म्हणला, "अक्का, पाट मांडा." तेव्हापासून एक भाऊबीज चुकवली नाही त्यानं.

हे आज का लिहिते? नातीनं मोबाईलवर एक पिक्चर दाखवला. दोन पुरुषांच्या प्रेमाचा. एक होडी चालवतो, दुसरा शाळेत पेटी शिकवतो. एकमेकांसाठी जेवायचे थांबतात, बास, एवढंच प्रेम. शेवटी एकाची तिरडी निघते, आणि दुसऱ्याला कुणी जवळ येऊ देत नाही.

नात हुंदके देत होती. मला मात्र राग आला. म्हणलं, "एवढ्या गावात एक बहीण नव्हती व्हय?"

बबनलाही दाखवला. मग म्हणला, "लिवा अक्का. पर आधी पिक्चर बघा म्हणून सांगा. आमचं मागनं."

माझ्याकडनं क्रम उलटा झाला, पण पिक्चर बघा. दार लावून एकट्यानं नको, घरच्यांना बसवून बघा. नाव कमेंटमध्ये टाकते.

"असलं आपल्यात नसतं" असं कुणी मला लिहू नये. आपल्यातच होतं. पिंपळीत जन्मलं, भिगवणला नांदलं, आणि नीट नांदलं.

सोपान, बाळा, तुझं माणूस आमच्यात आहे. निवांत राहा.

बाकीच्यांनो, पिक्चर बघून झाला की लगेच लिहा. बबनला वाचून दाखवायचं आहे.