जोडवी सैल झाल्याची दवंडी

“ऐकलंत का? मग शेवटचं परत ऐका.”

एवढं बोलून आमचा दवंडीवाला डावं बोट डाव्या कानात घालायचा, मान जराशी वर करायचा आणि हुकमाचं शेवटचं वाक्य आणखी दोनदा म्हणायचा. उजव्या हाताची डफावर एक थाप, आणि स्वारी पुढच्या नाक्याकडे. कल्याणातल्या आमच्या पिढीला घरपट्टीची मुदत, तलावाचं पाणी सोडण्याची वेळ, मोकाट गुरांचा कोंडवाडा, हे सगळं त्याच्याच आवाजात ठाऊक होतं. तुमच्याही गावी असा कुणी असेलच. पण आमच्यासारखा नसेल, हे मी आधीच सांगून ठेवतो.

तो खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. लहानपणी बापाबरोबर होडीवर असताना पैलतीराला हाका मारून मारून त्याचा गळा तयार झाला होता. अक्षर मात्र एक येत नव्हतं. कचेरीतला कारकून हुकूम दोनदा वाचून दाखवी आणि तिसऱ्यांदा हा तो कारकुनालाच म्हणून दाखवी. एक काना इकडचा तिकडे होत नसे. शेवटचं वाक्य तीनदा म्हणण्याची चाल त्याच्या आज्यापासूनची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाला, “कंपौंडरराव, लोक कामात असतात. आधीचं सगळं वाऱ्यावर जातं. शेवटचं तेवढं कानात ऱ्हातं.”

मी तेव्हा गावच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. पंचविशीचा होतो आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

मग प्लेग आला. घरं रिकामी झाली, भिंतींना चुना लागला, गावाबाहेर माळावर रोग्यांना वेगळं ठेवायला झापांची छपरं उभी राहिली; तिथं गेलेला परत येत नाही, असं लोक म्हणत. हुकूम आला. तो चांगला लांबलचक होता: घरात उंदीर मेला तर काय करावं, ताप आला तर कुठं कळवावं, दवाखान्यात कुणी तपासून घ्यावं आणि औषध घेऊन घरी जावं. आणि शेवटी, तपासणीत ताप व गाठ आढळल्यास रोग्यास छपरात ठेवण्यात येईल.

आमच्या गड्यानं तो हुकूम इमानेइतबारे पिटला आणि चालीप्रमाणे शेवटचं तीनदा म्हटलं. छपरात ठेवण्यात येईल. छपरात ठेवण्यात येईल. छपरात ठेवण्यात येईल. असं नाक्यानाक्यावर, आठवडाभर.

दहाव्या दिवशी दवाखान्याच्या ओटीवर कावळे बसायला लागले. नेहमीचे रोगी कुठं गेले कळेना. आमच्या डॉक्टरांकडे छातीच्या दुखण्याचे बरेच लोक येत. दम लागणारे, पायांवर सूज असलेले, छातीत कळ येते म्हणणारे. डॉक्टर घड्याळ हातात धरून नाडी मोजत आणि मी डिजिटॅलिस या हृदयाच्या औषधाचे थेंब मोजून बाटल्या भरत असे. त्या बाटल्या फळीवर ओळीनं तशाच राहिल्या. पंधरवड्यात बाजारपेठेतली दोन माणसं घरातच छाती धरून गेली. ताप नव्हता, गाठ नव्हती. दवाखान्यात गेलो तर माळावर नेतील, म्हणून ती शेवटपर्यंत दार लावून बसली होती.

त्या फळीवरची एक बाटली त्याच्याच बायकोची होती. वर्षभर ती दर सोमवारी मासळीची पाटी विकून झाली की दवाखान्यात यायची. एक दिवस तो डफ घेऊन ओटीवरून जाताना मी हटकलं, “काय रे बाबा, घरच्यांची बाटली नेली नाहीस ती?”

“ती बोलते आता बरं हाय.”

“पाय बघितलेस तिचे?”

तो तसाच घराकडे वळला. दुपारी परत आला आणि डफ खाली ठेवून पायरीवर बसला. त्याच्या गळ्यात डफ नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“जोडवी दिसत नाय, कंपौंडरराव. बोटांच्या मासात पार रुतलीत. पातळाखाली पाय झाकून बसते. आडवं पडवत नाय, भिंतीला टेकून झोपते. मी बोल्लो, अगं, दवाखान्यात का नाय गेलीस? तर मला बोलते, तुमीच तर तीन-तीनदा सांगता, छपरात ठेवतात म्हनून.” जरा वेळानं म्हणाला, “सगळ्या गावाला ऐकू जावं म्हनून ओरडलो. माझ्याच घरातलं मानूस भ्यालं.”

मला त्याची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. हुकमात शेवटी काय आहे हे मलाही दिसत होतं. मला अक्षरही येत होतं.

मी त्याला आत नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, “आणून घाल तिला इथं. आठ-दहा दिवस खाटेवर ठेवावं लागेल. वाट कसली बघतोस?”

“साहेब, गुपचूप आनली तर लोक बोलतील, धरून नेली. मी वाजवत आननार.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “अरे, शुद्धीवर आहेस ना? तिची छाती किती थकलीय, मला ठाऊक आहे. वाजतगाजत आणलीस आणि बाई दगावली, तर या गावातला एक माणूस पुन्हा ही पायरी चढायचा नाही.”

“दगावली तर तेबी पिटीन,” तो म्हणाला. “मी खोटं पिटत नाय, हे गावाला ठावं हाय. म्हनून तर भ्याले.”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “उद्या सकाळी आण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी भर बाजारातून एक बैलगाडी आली. पुढे हा डफ वाजवत, मागे गाडीत उशांना टेकून ती. रागानं लाल झाली होती. लग्नातसुद्धा आपली एवढी वरात निघाली नव्हती, असं ती पुढे मला म्हणाली. माणसं दारं किलकिली करून बघत होती. ओटीवर सगळ्यांसमोर डॉक्टरांनी तिला तापमापक लावला. दवाखान्याच्या सुईणीनं पडद्याआड तिच्या काखा बघितल्या. ताप नाही, गाठ नाही. तेवढं तिथल्या तिथं पिटून झालं आणि बाई खाटेवर गेली.

आता खरी गंमत. कचेरीचा हुकूम रोज पिटायचाच होता. तो त्यानं शब्द न् शब्द पिटला. फक्त तो संपला की डफावर एक थाप जास्त मारायची आणि म्हणायचं, “हा हुकूम झाला. आता माझ्या घरातल्या मानसाचं ऐका.”

बायकोचं नाव तो चारचौघांत घेणार नव्हता, पण बाकी काही लपवलं नाही. पहिल्या दिवशी: बाई खाटेवर हाय, दम तसाच हाय. दुसऱ्या दिवशी: पेज प्याली, दम तसाच हाय. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आणि मी धास्तावलो होतो, कारण नाडी कशीही पळत होती आणि ओठ काळसर झाले होते. मी त्याला म्हटलं, “आज नको रे जाऊस.” तो माझ्याकडे बघून गेला आणि चारही नाक्यांवर सांगून आला, “आज जास्त हाय.” त्या दिवशी बाजारात भाव करतानाही लोक हळू बोलत होते.

चौथ्या दिवसापासून थेंब लागू पडले. नाडी सावकाश आणि भरदार झाली, सूज उतरायला लागली. पाचव्या दिवशी ती आडवी होऊन झोपली. सहाव्या दिवशी घोटा दिसला. लोक आता दार उघडून वाट बघत. आपली भाजी तोलता तोलता बायका विचारत, “आज काय बोलला?” आणि आठव्या दिवशी त्यानं बाजारपेठेच्या मधोमध उभं राहून, कानात बोट घालून सांगितलं, “जोडवी सैल झाली. बोटात फिरतात. ऐकलंत का? मग शेवटचं परत ऐका. बोटात फिरतात. बोटात फिरतात.”

कारकुनानं त्याला बोलावून घेतलं. “सरकारी डफावर बायकोची जोडवी? कुठल्या हुकमात आहे ते?”

“हुकूम आधी पिटला, साहेब. जोडवी मागून.”

तेवढ्यात आमचे डॉक्टर तिथं पोचले. त्यांच्या हातात नवा मजकूर होता. त्यातला प्रत्येक शब्द जुनाच होता, फक्त छपराचं वाक्य वर गेलं होतं आणि मधलं एक वाक्य शेवटी आलं होतं. ही रचना कुणी सुचवली असं कारकुनानं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी नुसतं दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. वाचता येत नसलेल्या माणसानं हुकूम दुरुस्त केल्याचं मी तेवढं एकदाच पाहिलं. कारकुनानं निमूटपणे वरच्या साहेबांची सही आणून दिली.

दहाव्या दिवशी ती आपल्या पायांनी दवाखान्याची पायरी उतरली. गाडी नको म्हणाली. तो पुढे, ती मागे, आणि नवा हुकूम नाक्यानाक्यावर: ताप नाही, गाठ नाही, पण छाती दुखते, दम लागतो, पाय सुजतात, त्यांनी दवाखान्यात यावे, औषध घेऊन घरी जावे. घरी जावे. घरी जावे.

आठवड्यात आमची ओटी भरली. ठाकुर्लीहून, आंबिवलीहून लोक आले. मला थेंब मोजून मोजून डोळे दुखायला लागले आणि तेवढा आनंद मला पुढे कुठल्याच नोकरीत झाला नाही. गाठीचा ताप असलेलेही लवकर कळवायला लागले. भीती गेली नाही, पण दारं उघडली.

दोन वर्षांनी तो गेला. सकाळी डफाची वादी ताणता ताणता बसल्या जागी. त्याच्या जाण्याची दवंडी पिटायला गावात दुसरा आवाज नव्हता, म्हणून बातमी तोंडोतोंडी गेली आणि स्मशानात उभं राहायला जागा पुरली नाही.

त्याचे दिवस झाल्यावर पुढच्याच सोमवारी त्याची बायको आली, पाटी खाली ठेवून. मी बाटली दिली. ती पायरीपर्यंत गेली, थांबली, रस्त्याकडे तोंड केलं आणि डावं बोट डाव्या कानात घातलं. तिचा आवाज त्याच्यासारखा नव्हता, बारीक होता.

“औषध घेऊन घरी जावं,” ती म्हणाली. “घरी जावं.”

तिसऱ्यांदा तिला दम पुरला नाही. ओटीवर बाटल्या घेऊन बसलेल्या सगळ्या माणसांनी ते एकदम म्हटलं.