इसबाच्या डॉक्टरचे हात

औषध कंपन्यांची सॅम्पलं मी निवृत्त होताना वाटून टाकली. किस्से मात्र कुणी नेले नाहीत! गोंदियात इतकी वर्षं त्वचारोगतज्ज्ञ म्हणून बसलो, त्यात निम्मे पेशंट इसबाचे, म्हणजे एक्झिमाचे. एक किस्सा विसरावा तर दोन आठवतात. बरोबर आठवतात का, याची खात्री नाही. तशी मला कशाचीच नसते.

*

साल बहुधा २००१. चोरखमारा गावाकडचा एक तरुण शेतकरी आला. बेंबीखाली गोल, खाजरा चट्टा.

"बेल्टच्या बक्कलचा धातू तुमच्या कातडीला सोसत नाही. बक्कल तिथं लागू देऊ नका," मी सांगितलं.

महिन्याने तो परत आला. पोट साफ! मी खूश. मग त्याने पाठ वळवली. कमरेवर मागे हुबेहूब तसाच चट्टा.

"हे कसं झालं?"

"तुमीच तं म्हनलं ना जी, तिथं लागू देऊ नका. बक्कल मांगं फिरवलं!"

*

हायस्कूलच्या एका गुरुजींच्या पायावर नाण्याएवढे गोल चट्टे होते. त्यांना ते गजकर्ण वाटत होतं. हाही इसबाचाच एक प्रकार, असं मी सांगितलं. तिथं थांबायला हवं होतं. पण राहवेना, म्हणून सगळेच प्रकार सांगितले. लहानपणापासून असणारा, वस्तू लागून होणारा, डोक्यात कोंड्यासारखा दिसणारा, पायाच्या शिरा फुगल्यामुळे घोट्याजवळ काळा पडणारा, म्हातारपणी थंडीत कातडी सुकून होणारा. वीस मिनिटं!

गुरुजी शांतपणे म्हणाले, "म्हंजे सर, यातला मले कोनता, हे तुमाले पक्कं माहीत नाही."

घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडलं. निदान बरोबर होतं. पण गुरुजींचंही फारसं चुकलं नव्हतं.

*

गोरेगावजवळच्या एका बाईंच्या हातांना साबणाने भेगा पडल्या होत्या. मी चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'भांडी आणि धुणं बंद.' बाईंनी ती चिठ्ठी घरी मोरीच्या भिंतीवर चिकटवली.

दोन महिन्यांनी नवरा-बायको दोघं आले. बाईंचे हात छान! नवऱ्याने आपले हात टेबलावर ठेवले. त्याच भेगा.

"मले बी भांडी बंद म्हनून लिहून द्या ना, साहेब!"

"लिहू नका जी," बाई म्हणाल्या. "घरात आता कोनीच उरलं नाही!"

*

मग माझी पाळी आली. प्रत्येक पेशंटनंतर मी हात धुवायचो. दोनदा. शंका आली तर तिसऱ्यांदा. आणि शंका यायचीच. एका हिवाळ्यात माझीच बोटं लाल झाली, फाटली. साबणाचा इसब! कातडीच्या डॉक्टरचेच हात असे दिसले तर कोण येणार? मी रबरी हातमोजे चढवले.

तिसऱ्या दिवशी बाहेरचा बाक रिकामा. कंपाउंडर धनराज आत आला.

"सर, तुमी सांगता, इसब एकाचा दुसऱ्याले लागत नाही. मंग मोजे कायले घालून राहिले? लोकं म्हनतात, लागते म्हनूनच!"

मोजे काढले. पहिलेच पेशंट कापडाचे एक व्यापारी. माझे हात पाहून उठून उभे राहिले.

"डॉक्टरसाहब, पहले अपना इलाज करा लो. हम बाद में आ जाएँगे."

ते काही आले नाहीत. मी हात टेबलाखाली ठेवून पेशंट तपासू लागलो.

"सर," धनराज म्हणाला, "आता फोनवरच तपासा. टेबल बी नाही लागनार!"

मी हसलो नाही. दवाखाना बंद करावा, हे मनाशी जवळजवळ ठरलं होतं.

*

त्याच आठवड्यात एका लग्नासाठी गोरेगावच्या एसटीत बसलो. कानटोपी आणि मफलर यांच्या मध्ये फक्त चष्मा दिसत होता. तिकीट घेताना शेजारच्या आजींनी माझा हात धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"लपवता कायले जी? इसब होय हा. कोनाले लागत नाही."

"कुणी सांगितलं?"

"गोंदियाच्या डॉक्टरनं. माहे हात याच्याहून खराब होते. आता पाहा!"

पाहिले. एकही भेग नव्हती.

"चांगला आहे का डॉक्टर?" मी विचारलं.

"लय भेवते बिचारा. एकच गोष्ट आपल्याले चारदा विचारते, मंग सोताले विचारते. पन औषध बरोबर देते. तुमी जाच त्याच्याकडं."

मग त्यांनी मला दवाखान्याचा रस्ता नीट समजावून सांगितला. मी खिशातून पेन काढलं आणि पत्ता लिहून घेतला.