संगमापलीकडची माझी तीन पोरं

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं माझी इज्जत जाणार आहे! उभा जन्म जळोची गावात लोकांना टोप्या घातल्या, आणि सापडलो कुठं? नातीला गोष्ट सांगताना!

नात म्हणजे शिऊ, वय वर्षं सात. गोष्टीशिवाय घास गिळत नाही. राजा-राणी तिला चालत नाहीत. मग मी ठोकून दिलं, की नरसिंहपूरच्या संगमात बुडी मारली की माणूस दुसऱ्याच दुनियेत निघतो. तिथं मी तीन पोरं वाढवतोय.

"थोरला शिंकला की जाळ निघतो. उसाचं पाचट पेटवायला गावभर त्यालाच बोलावत्यात. मधली हवेत तरंगती, तिला दाव्यानं खुंटीला बांधतो. आन् धाकटा दिसतच न्हाय! बेसन फासलं, की मग कळतं कान कुठं हाय त्ये."

"त्यांची आई?"

आता आई कुठून आणू? "तिकडं आया नसत्यात. बापच वेण्या घालत्यात."

"मग आत्ता कोण हाय त्यांच्यापाशी?"

बघा! वकील होणार ही कार्टी. म्हटलं, "म्हणून तर दर पुनवेला नरसिंहपूरला जातो मी. पण आज्जीला सांगू नगंस हां!"

इथं माझी चौथीची शाळा नडली. पोराला 'सांगू नको' म्हणणं म्हणजे दवंडी पिटणं, हे आमच्या पुस्तकात नव्हतंच.

परवा मी इंदापूरच्या बाजारातून परत येईपर्यंत इंदापूरचा मेव्हणा, बापूराव, माझ्या आधी ओट्यावर हजर! शेजारी आमची मंडळी, म्हणजे शिऊची आज्जी, मांडीवर पिशवी घेऊन. चहा नाही, पाणी नाही.

"दाजी, किती हायती?"

"काय किती?"

"पोरं!"

माझ्या हातातली पिशवी सुटली. कांदे अंगणभर.

"तीन!" शिऊ आतून ओरडली. "नरसिंहपूरला! आज्जीला सांगायचं न्हाय म्हणलेत!"

"अगं भवाने, जाळाचं सांग की! बेसनाचं सांग!"

"कुठलं बेसन, आबा?"

तोंड असं कोरं केलं पोरीनं, की क्षणभर मलाच वाटलं, खरंच पोरं आहेत की काय आपल्याला!

"गोष्ट हाय ती! देवाची शपथ!"

"मागं स्वतः मेल्याचा सांगावा धाडलात, तवा बी देवाचीच शपथ हुती," बापूराव म्हणाला. खोटं कशाला बोलू? त्याला भरल्या ताटावरून उठवून रडत आणला होता मी.

"मग दर पुनवेला तितं करता काय?" मंडळींनी तोंड उघडलं. "गुरव म्हणतो, देवळात पाऊल बी टाकत न्हाय तुमी."

मी अंगणातले कांदे वेचायला लागलो. ती उठली. पिशवी खांद्याला, एक पाय उंबऱ्याबाहेर. "जाते मी. सांभाळा तुमची तीन पोरं."

चाळीस वर्षांत ती रुसली होती, भांडली होती, पण असा पाय कधी टाकला नव्हता.

"थांब! जिलबी खातो मी!"

"काय?"

"देवळाबाहेर. गरम. अर्धा किलो. डागदरनं शुगरपायी बंद केली म्हणून चोरून… वरनं रबडी बी."

मग मंडळी सावकाश खाली बसल्या, पिशवीत हात घातला. मला वाटलं, लुगडी निघतील. निघालं शुगर तपासायचं मशीन!

"बोट आणा हिकडं. पोरं खोटी हायती, ह्ये शिऊनं पहिल्याच दिवशी सांगितलं. धोतराला पाक कुठनं लागतो, तेवढंच कळत नव्हतं."

आकडा बघून बापूरावानं डोक्यावरची टोपीच काढली. मयतीला काढतात तशी.

आता जेवताना गोष्ट शिऊ सांगते आणि मी मुकाट्यानं कारल्याची भाजी गिळतो.

"तिकडं चौथं पोरगं आलंय, आबा. म्हातारं हाय. जिलबी चोरतं. त्याला काय करायचं?"

मी तोंड उघडायच्या आत आज्जी गोठ्याकडं निघालीसुद्धा.

"दावं आणते."