अटळ आणि दोन खिडक्या

बाबा गेले त्या आठवड्यात ‘अटळ’ हा शब्द इतक्या तोंडून ऐकला, की तोही मांडवातल्या खुर्च्यांबरोबर भाड्याने आणला असावा असं वाटू लागलं. बाबांना तो शब्द लागला नव्हता. नारपोलीच्या कापड कारखान्यात लूम चालवत ते म्हातारे झाले आणि काहीही झालं तरी ‘चालायचंच’ म्हणत राहिले.

खोकला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, या वयात तो अटळच. बाबांची पन्नाशी उलटली नव्हती. कारखान्याच्या दोन्ही खिडक्या खिळे ठोकून बंद, कारण वाऱ्याने धागा तुटतो. बाबा पांढऱ्या भुवया घेऊन घरी येत. भुवयांवरचा कापूस झटकता येई. छातीत गेलेला तिथेच राही.

ते गेल्यावर त्यांच्या लूमवर लगेच माझा धाकटा भाऊ उभा राहिला. तेही अटळ, असं काका म्हणाले. काका सरकारी कचेरीत पंख्याखाली बसत.

आई मात्र माझ्या मागे लागली. “एक गेला. आता दुसरा खोकाय लागंल. एवढा शिकलास, शेटला खिडक्यांचं बोल.” मी जाऊन बोललो. शेट कळवळून म्हणाले, “अरे, या दुःखात तो विषय कशाला?” शेतात लूमची शेड बांधून शेट झालेला तो माणूस, दुसऱ्याच्या दुःखाचा मान राखणं त्याला चांगलं जमे.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि भाषणं सुरू झाली. काका बोलले, मृत्यू अटळ आहे. समाजाचे अध्यक्ष बोलले, मृत्यू अटळ आहे, आणि पुढच्या सभेची वेळही सांगून गेले. शेट बोलले तेव्हा डोळे पुसत बोलले. बाबांसारखा कामगार पुन्हा होणे नाही, म्हणाले. बाबा हयात असताना त्यांना एका दिवसाची रजा देणंही शेटना अटळ वाटलं नव्हतं.

शेवटी आलेल्यांचे ऋण मानायला घरातला शिकलेला म्हणून मला उभं केलं. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

“शेट उद्यापासून कारखान्याच्या दोन्ही खिडक्या उघडताहेत. बाबांना याहून मोठी आदरांजली नाही. आम्ही त्यांचे ऋणी आहोत.”

मागे बसलेल्या कामगारांतून आधी एक आवाज आला, मग वंदनेनंतर अनुमोदन देतात तसा सगळा मांडव म्हणाला, “साधू, साधू, साधू.” शेटनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडले. मांडवात दुसरं काही करण्याजोगं नव्हतं.

एक खिडकी उघडली. दुसरीबद्दल शेटचा निरोप आला, की धाग्याचं नुकसान अटळ आहे. भावाचा लूम दुसरीखाली होता. चहाच्या सुट्टीत तो कप घेऊन पहिलीपाशी जाऊन उभा राहायचा. आई रोज विचारायची, आज किती वेळ उभा राहिलास.