दोन नंबरच्या ड्रायरचा सूर

ताई हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात लागली तेव्हा धाकटी बहीण पाळण्यात होती, असं ताई सगळ्यांना सांगते. साफ खोटं. धाकटी तेव्हा चांगली सहा वर्षांची होती आणि दप्तर फेकून पळायला शिकली होती. पण ताईनं एकदा गोष्ट सांगायला घेतली की मध्ये तोंड घालायची सोय नाही.

धुलाईखातं तळघरात. एका भिंतीला धुण्याची मोठी मशिनं, समोरच्या भिंतीला चार ड्रायर, मधल्या वाटेत ओल्या चादरींच्या ढकलगाड्या. ताई वीस वर्षं दोन नंबरच्या ड्रायरवर. चादरी कोंबायच्या, दार लावायचं, की चाळीस मिनिटं तो एकच सूर धरून घुमतो. बाकीच्या बायकांचं त्या आवाजानं डोकं उठायचं. ताई त्याच सुरावर गुणगुणायची. गुणगुणता गुणगुणता तिच्या चाली झाल्या. शब्द नाहीत, नुसत्या चाली. वीस वर्षांत अकरा. खात्यात तिचं नावच पडलं, रेडिओ. सुपरवायझरसुद्धा हजेरी घेताना विचारायचा, रेडिओ आला का.

कानावर लावायची जाड टोपणं सगळ्यांना मिळाली होती. ताईनं तिची खुंटीला टांगली ती टांगलीच. ती लावली की दोन नंबर ऐकू येत नाही म्हणे. धाकटीला हे कळलं ते कानाच्या डॉक्टरसमोर, आणि तिथल्या तिथे ताईचा गळा दाबावा असं तिला वाटलं. डॉक्टरनं सरळ सांगितलं, डावा कान गेला. उजवा फार तर वर्षभर. आधी उंच, बारीक आवाज जातील. मग काही आवाज वाकडे ऐकू यायला लागतील. कानाचं मशिन जास्तीत जास्त बोलणं समजेल एवढं करेल, गाण्याचं विसरा.

ताई घरी आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "मला त्या चाली एकदा डोक्याबाहेर वाजताना ऐकायच्यात. एकदाच. मग जाऊ दे कान."

मोबाईलवर गुणगुणून ठेव की, धाकटी म्हणाली. ताईनं तिच्याकडे बघितलं, जसं खराब टाके घातलेल्या उशीच्या खोळीकडे बघते. तिच्या डोक्यात चाल एकटी नव्हतीच. खाली दोन नंबर, त्यावर मधली ओळ, आणि सगळ्यांत वर एक बारीक, घंटीसारखी. तिन्ही एकदम. गळा एक, ओळी तीन.

धाकटी झेरॉक्सच्या दुकानात कामाला. कॉम्प्युटरला ती घाबरत नाही, कुणालाच घाबरत नाही. दुकानातून टाकायला काढलेला लॅपटॉप तिनं मालकाच्या डोक्यावर बसून मिळवला आणि संगीत बनवायचे फुकटचे प्रोग्राम उतरवायला लागली.

पहिला निघाला कागदवाला. पाच रेघा, त्यावर काळे ठिपके, ठिपक्यांना शेपट्या. प्रोग्राम चांगला होता, सगळं खुलं, काही मागत नव्हता. फक्त ठिपके वाचता यायला पाहिजेत. दोघींनी तीन रविवार त्यावर घालवले. चौथ्या रविवारी ताई म्हणाली, हे शिकेपर्यंत मी ठार बहिरी होईन, पुढचा काढ.

दुसरा तुकडेवाला. त्यात तयार ढोल, तयार गिटार, तयार सगळं, एकाला एक चिकटवत जायचं. पाच मिनिटांत धाकटीनं असं काही वाजवलं की ती स्वतःच खुर्चीत नाचायला लागली. ताईनं ऐकून घेतलं. "दुसऱ्याच्या सदऱ्याला आपलं बटण लावलंस," म्हणाली, आणि उठून गेली.

तिसरा नेटवर चालणारा. उतरवायची कटकट नाही, दिसायला देखणा. दोघींनी दिवसभर बसून मधली ओळ अर्धी भरली. ती सेव्ह करून ठेवायची वेळ आली तेव्हा त्यानं आधी खातं उघडायला सांगितलं, आणि खातं उघडेपर्यंत पान कोरं. धाकटीनं त्या प्रोग्रामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ताईनं फक्त लॅपटॉपची वायर गुंडाळली, ते जास्त लागलं. त्या आठवड्यात तिला दाराची बेल ऐकू यायची बंद झाली.

चौथा चौकोनवाला. डाव्या बाजूला पेटीच्या पट्ट्या उभ्या, समोर रिकाम्या चौकटी. सूर जिथे पाहिजे तिथे चौकोन ठेवायचा. लांब सूर, लांब चौकोन. केलेलं काम सेव्हही स्वतःहून करतो. दिसायला एखाद्या सरकारी फॉर्मसारखा, पण ताईला पहिल्या दिवशी जमला. "हां," ती म्हणाली, "हे म्हणजे घड्या घालण्यासारखं आहे."

आणि इथेच सगळं फसलं.

खालची ओळ दोन नंबरचीच पाहिजे, ताईचा हट्ट. पेटीचा सूर नको, तोच ड्रायर. धाकटीनं मोबाईलवर त्याचा आवाज भरून आणला, प्रोग्राममध्ये सगळ्यात खाली लांबलचक पसरला. त्यावर मधली ओळ वाजवली. ताईचा चेहरा वाकडा झाला. चौकोन एक घर वर घेतले. नाही. खाली घेतले. नाही. एका घरात चाल खाली पडते, दुसऱ्यात वर चढते, ताई म्हणत होती, दोन नंबरला लागतच नाही. धाकटीनं चार वेगळी वाद्यं लावून बघितली. प्रत्येक वेळी ताई मान हलवायची आणि प्रत्येक वेळी जरा हळू.

धाकटीचा कान म्हणजे दगड. तिला बेसूर आणि सुरात एकच. म्हणून ती खोटं बोलली. "बरोबर वाजतंय गं ताई, एकदम मस्त."

ताईनं लॅपटॉप मिटला. डॉक्टर म्हणालेच होते, वाकडं ऐकू येईल म्हणून. आलं मग. प्रोग्राम काय करणार. वीस वर्षांचा सूर आता तिच्याच कानाला लागेना, म्हणजे कान गेला. तिनं आदळआपट केली नाही, रडली नाही. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर टोपणं लावून उभी राहिली. सुपरवायझरनंच धाकटीला फोन केला. रेडिओ बंद पडलाय, म्हणाला, घरी काही झालंय का.

धाकटीला ते खोटं आतून खात होतं. तिनं शोधून आणखी एक प्रोग्राम आणला. त्यात चाल बनवता येत नाही, आवाज कुठल्या पट्टीवर आहे ते रेघ काढून दाखवतो, बस. कान दगड असला तरी डोळे तर ठीक होते. दुपारच्या सुट्टीत ती लॅपटॉप घेऊन थेट तळघरात घुसली. कोण ही बाई म्हणून आरडाओरडा झाला, तिनं कुणाला दाद दिली नाही. ताईच्या कानावरचं टोपण स्वतः काढलं आणि म्हणाली, "गा."

"कशाला गं आता?"

"गा म्हणते ना."

दोन नंबर चालू होता. ताईनं त्याचा सूर धरला. पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एक ड्रायरची, एक ताईची. धाकटी पुढे वाकली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या होत्या, केसाचंही अंतर नाही. पण कुठल्याच पट्टीवर नव्हत्या. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत होत्या, खालच्या पट्टीपासून तिसऱ्या हिश्शापेक्षा जरा वर.

धाकटीला समजायला वेळ लागला. मग तिनं ताईचं डोकं धरून पडद्यापाशी नेलं आणि उजव्या कानात ओरडून सांगितलं. कान बरोबर आहे. पट्ट्या चुकीच्या आहेत. दोन नंबर पेटीला विचारून घुमत नाही, तो दोन पट्ट्यांच्या मध्ये घुमतो, आणि तू वीस वर्षं त्या फटीत गातेस.

ताई रेघांकडे बघत राहिली. इस्त्रीवाली मागून म्हणाली, आम्हाला वाटलं नुसतीच गुणगुणते. मग ताईनं धाकटीला एक चापट मारली, चांगली सणसणीत. "मस्त वाजतंय म्हणत होतीस ना?"

चौकोनवाल्यात वाद्याच्या नावापाशी एक बारकं चाक होतं, दोघींनी कधी हात न लावलेलं. ते फिरवलं की अख्खं वाद्य केसभर वर किंवा खाली सरकतं. रविवारी दुपारी दोघी त्याला भिडल्या. सूर जवळ आला की आवाज हेलकावे खायचा, लागला की शांत व्हायचा. शंभरातले पस्तीस भाग वर, तिथे हेलकावे थांबले. ताईनं डोळे मिटले.

पहिली चाल तीन मिनिटांची. खाली दोन नंबर, वर मधली ओळ, आणि त्यावर घंटीची. धाकटीनं स्पीकर ताईच्या उजव्या कानापाशी आणला. ताईचं बोट मांडीवर चालत होतं. एक मिनिट गेलं, दीड गेलं. बोट थांबलं.

"वरची कधी सुरू होणार?"

वरची सुरू होऊन मिनिट झालं होतं. पडद्यावर तिचे चौकोन एकामागून एक पेटत होते. धाकटीला ती स्पष्ट ऐकू येत होती. दाराची बेल जशी गेली तशीच हीसुद्धा ताईच्या कानातून गेली होती. मधल्या चार महिन्यांत, त्या ठिपक्यांच्या आणि तुकड्यांच्या नादात.

धाकटीच्या जिभेवर आलं होतं, आता सुरू होईल थांब. आवाज वाढवला की पोचेल कदाचित. तिनं गिळलं. "वाजतीये, ताई. मला ऐकू येतीये."

चाल संपली, स्पीकरची नुसती खरखर उरली. "कशी आहे?" ताईनं विचारलं.

दगडाच्या कानाच्या माणसाला विचारलेला हा प्रश्न. छान, म्हणायला काय जात होतं. धाकटीनं चाल परत लावली आणि हात वर केला. ओळ चढली की हात चढवला, उतरली की उतरवला, जिथे थरथरली तिथे बोटं थरथरवली. जमलं तसं, अडखळत. ताई कान सोडून त्या हाताकडे बघत होती. दोनदा तिनं मान डोलावली. एकदा धाकटीचं मनगट धरून खाली ओढलं, इथे इतकी वर जात नाही म्हणून. पडद्यावर बघितलं तर खरंच एक चौकोन चुकून वरच्या घरात पडला होता.

मग ती घंटी खाली आणून बघू, असं धाकटीनं सुचवलं. सगळे चौकोन एकदम खाली ओढले. वरची ऐकू आली, पण मधल्या ओळीत मिसळून चिखल झाला. ताई म्हणाली, परत ठेव. ही अशीच राहू दे. ही आता तुम्ही ऐका.

चष्मा सारखा करून ती खुर्ची पुढे ओढून बसली, लॅपटॉपच्या अगदी जवळ.

"कोरं पान काढ. दहा राहिल्यात. आणि वरची ओळ आता मधल्याच्या जवळनंच काढायची, मला पोचेल तिथून. चल, हात चालव."